तुमचा तंबू, आमचं पाल

माणसाला उघड्यावर झोपायची हौस येते, असं आमच्या आज्याला कुणी सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

पण आलीय. शनिवारी दुपारी मुंबई-पुण्याच्या गाड्या भरतात आणि पवनेच्या काठी, भंडारदऱ्याला, मुळशीला, तापोळ्याला तंबू ठोकले जातात. निळे, नारिंगी, कोंबड्यांच्या खुराड्याएवढे. ह्या तंबूवाल्यांतही वरच्या-खालच्या जाती आहेतच. खालची जात गादी, उशी, स्पीकर आणि कोंबडी भाजायची शेगडी मागते. वरची जात स्वतःला शुद्ध समजते. तिच्या सोवळ्याचं नाव ‘प्रिमिटिव्ह कॅम्पिंग’. म्हणजे आदिम मुक्काम. रस्ता संपतो त्याच्या पुढं, आडरानात, तळ्याच्या काठी जायचं. वीज नको, नळ नको, संडास नको. तीन दगडांची चूल, उकळून प्यायचं पाणी, वर आभाळ.

वीज नाही, नळ नाही, संडास नाही. दोस्तांनो, ह्याला आपल्याकडे झोपडपट्टी म्हणतात.

आता कुणी म्हणेल, चळवळीच्या अंकात हे काय? पोटाचे प्रश्न सोडून तंबूवर पानं कशाला खर्ची घालायची? मी म्हणतो, हा पोटाचाच प्रश्न आहे आणि पाठीचाही आहे. माणसानं पाठ कुठं टेकायची, हे कोण ठरवणार? त्याच मातीवर, त्याच आभाळाखाली एक झोपला तर निसर्गप्रेमी आणि दुसरा झोपला तर चोर, हे कुठल्या कायद्यानं ठरतं? माझं भांडण हौसेशी नाही. हौस सगळ्यांना असावी, आम्हालाही आहे. भांडण ह्या हिशेबाशी आहे.

आधी तळ्याचं बघू. हे ज्याला ‘लेक’ म्हणतात ते देवानं केलेलं नाही. भंडारदऱ्याचं विल्सन धरण इंग्रजानं १९२६ ला पुरं केलं, प्रवरेचं पाणी खालच्या बागाईतीला गेलं. मुळशीचं तळं टाटांच्या विजेसाठी झालं. १९२१ ला तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी गावं बुडाली ती बुडालीच. तापोळ्याचा शिवसागर म्हणजे कोयनेचं पाणी. ते साठच्या दशकात चढलं आणि माणसं ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत फेकली गेली. पवनेचं धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं. तिथल्या शेकडो खातेदारांना अर्धशतक उलटलं तरी पर्यायी जमीन मिळाली नव्हती. २०११ च्या ९ ऑगस्टला मावळातले शेतकरी पवनेच्या पाण्याची बंद पाइपलाइन नको म्हणून बऊरजवळ एक्सप्रेसवेवर उतरले, तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघं मेले, त्यात एक बाई. त्याच रस्त्यावरून आज तंबूवाल्यांच्या गाड्या जातात. टोल भरतात आणि जातात.

त्या पाण्याखाली काय आहे? चावडी आहे, देऊळ आहे, मसणवटा आहे आणि वेशीबाहेरचा महारवाडाही आहे. त्यातही गंमत अशी, की जमिनीचा मोबदला सातबारा बघून मिळतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर कधी चढूच दिलं नाही, त्याचं पोट त्याच शिवारावर चालत असलं तरी कागदावर त्याचं बुडालं काय? एक छप्पर. म्हणजे बुडतानाही आम्ही पुरते बुडलो नाही, कागदावर बुडायलाही लायकी लागते.

तिथली पोरं आज तंबू भाड्यानं देतात, त्यांना दोन पैसे मिळतात, हे मी नाकारत नाही. पण आज्याच्या बुडालेल्या जमिनीच्या काठावर नातवानं पाहुण्याचं ताट उचलायचं, ह्याला विकास म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता त्या ‘आदिम’ शब्दाचं बघू. हा शब्द अमेरिकेतून आला, तिथं त्याला मोठा मान आहे. ह्या लोकांचा आद्य ऋषी म्हणजे थोरो. १८४५ ला तो वॉल्डनच्या तळ्याकाठी खोपटं बांधून राहायला गेला. जमीन होती एमर्सनची, म्हणजे दोस्ताची. थोरो काही वाईट माणूस नव्हता, गुलामगिरीच्या विरोधात होता, कर भरला नाही म्हणून एक रात्र तुरुंगातही बसला. पण त्या रानात त्याच्या आधी कोण राहत होतं? ब्रिस्टर फ्रीमन, झिल्फा व्हाइट, केटो इन्ग्राहम. गुलामीतून सुटलेली काळी माणसं. गावात जागा नाही, चांगली जमीन नाही, म्हणून गावाबाहेरच्या रेताड रानात ढकललेली. थोरोनं स्वतःच आपल्या पुस्तकात त्यांची आठवण लिहून ठेवलीय. तो दोन वर्षं दोन महिने राहिला आणि घरी गेला. त्यांना जायला घर नव्हतं. त्याच्या मुक्कामाचं जगभर तीर्थ झालं. त्यांचा मुक्काम किती जणांना ठाऊक आहे?

पुढं ऐका. योसेमिटीच्या खोऱ्यात १८५१ ला गोऱ्यांची पलटण शिरली, तिथल्या मूळ रहिवाशांची गावं जाळली, साठवलेलं धान्य जाळलं. १८९० ला त्या भागाचं राष्ट्रीय उद्यान केलं. खोऱ्यात जी वस्ती तग धरून राहिली होती ती १९६९ पर्यंत उद्यानवाल्यांनी पाडून टाकली. मग पाट्या लागल्या : इथं निसर्ग अस्पर्श आहे. १९६४ ला तिकडं रानाच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात रानाची व्याख्याच अशी, की माणूस तिथं पाहुणा असतो, मुक्कामी नसतो. म्हणजे येऊन जाणारा चालेल, राहणारा चालणार नाही. आधी राहणाऱ्याला हाकलायचं, मग रिकाम्या जागेला ‘आदिम’ म्हणायचं आणि तिथं जाऊन दोन दिवस आदिम व्हायचं.

आणि हा तंबू सगळ्यांसाठी होता असं समजू नका. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ उद्यानात १९३९ ला काळ्यांसाठी मुक्कामाची जागा वेगळी काढली होती, लुइस माउंटन. डोंगर एक, आभाळ एक, पण तंबूची वेस वेगळी. हे वाचून तुम्हाला काही ओळखीचं वाटत असेल तर त्यात तुमचा दोष नाही.

आता कायदा. अमेरिकेत सरकारी राष्ट्रीय जंगलात बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट तंबू टाकून राहता येतं. छान आहे. पण ओरेगनमधल्या ग्रँट्स पास गावानं बेघरांना सार्वजनिक जागेत पांघरूण घेऊन झोपल्याबद्दल दंड लावायला घेतला, प्रकरण वर गेलं आणि २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, असा दंड लावता येतो. म्हणजे घर असलेला माणूस बाहेर झोपला तर कॅम्पिंग. घर नसलेला झोपला तर गुन्हा.

आपण काय वेगळे आहोत? मुंबईत १९५९ चा भीक मागण्यास बंदी करणारा कायदा आहे. त्यात भिकारी म्हणजे फक्त हात पसरणारा नाही. ज्याच्याकडे पोटाचं साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी भटकतो किंवा थांबतो, त्यालाही त्याच जाळ्यात ओढता येतं. १९८१ च्या जुलैत भर पावसात फुटपाथवाल्यांची छपरं मोडली, माणसं बसमध्ये कोंबून शहराबाहेर घालवायला घेतली. ओल्गा टेलिसच्या नावानं खटला चालला. १९८५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोटाचा हक्क येतो. लय मोठं वाक्य. आणि त्याच निकालात म्हणालं, फुटपाथवरून उठवता येईल, फक्त नोटीस द्या. आम्हाला वाक्य मिळालं, फुटपाथ गेला.

गोदीत रात्रपाळीला माल लागायला उशीर झाला की आम्हीही गोणपाटाच्या थप्पीवर आडवे होतो. वर आभाळ, समोर पाणी. सगळं तेच. फक्त मुकादम लाथ घालून उठवतो. आजवर आमच्यातल्या एकानंही त्याला ‘निसर्गाशी एकरूप होणं’ असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

रानाचंही तेच. १९२७ चा वन कायदा आहे, इंग्रजाचा. त्याच्या २६ व्या कलमाखाली राखीव जंगलात बिनपरवाना शिरणं, गुरं चारणं, विस्तव पेटवणं, विस्तव जवळ बाळगणं हे सगळे गुन्हे. ह्या कलमानं पिढ्यान्‌पिढ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी ह्यांच्या मानेवर बोट ठेवलं. त्याची चूल पेटली तर वणव्याची भीती. ह्याची पेटली तर कॅम्पफायर. २००६ ला वनहक्क कायदा आला, त्यात पहिल्यांदा कबूल केलं की ह्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झालाय. तरी २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना बाहेर काढायचा आदेश दिला. दोन आठवड्यांत तो स्थगित करावा लागला, कारण ओरड झाली. ओरड केली नसती तर?

आणि ज्यांनी खरोखर आयुष्यभर तंबूत दिवस काढले त्यांचं काय झालं? आमच्या मुलुखात तंबूला जुना शब्द आहे, पाल. गावाबाहेर, ओढ्याकाठी, दोन काठ्यांवर फाटकं लुगडं टाकून उभं केलेलं. पारधी, कैकाडी, वडार, डवरी गोसावी ह्यांचं घर. १८७१ ला इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो आपल्या इलाख्यालाही लावला. पोटातलं पोर गुन्हेगार म्हणूनच जन्माला यायचं. हजेरी लागायची. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत केली. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचा दुसरा कायदा त्याच खुर्चीवर येऊन बसला. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच डवरी गोसाव्यांना गर्दीनं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. गुन्हा काय? अनोळखी होते, फिरत होते, पोरं पळवणारे असावेत असा संशय होता. फिरत होते! त्याच महिन्यात सह्याद्रीत किती अनोळखी पोरं तंबू घेऊन फिरत होती. त्यांना कुणी ठेचलं? त्यांना गावानं चहा विचारला. विचारावाच. पण दोघांनाही विचारा ना!

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘दि अनटचेबल्स’मध्ये एक मांडणी केलीय. टोळ्यांच्या लढायांत फुटून विखुरलेली माणसं स्थायिक झालेल्या गावांच्या बाहेर मुक्कामाला राहिली, ती तिथंच राहिली. अस्पृश्य गावाबाहेर हाकलला गेला नाही, तो पहिल्यापासूनच बाहेर होता. म्हणजे आमचा इतिहास हा एका न संपलेल्या मुक्कामाचा इतिहास आहे. ज्यांनी आम्हाला दोन हजार वर्षं वेशीबाहेर ठेवलं त्यांची नातवंडं आता पैसे भरून दोन रात्री वेशीबाहेर राहतात आणि येऊन सांगतात, फार मोकळं वाटलं. वाटणारच. परत जायला वेस आहे ना.

तरी मी असं म्हणणार नाही, की आपण जाऊ नये. उलट म्हणतो, जा. तळ्याच्या काठाशी आपलं जुनं नातं आहे. १९२७ च्या २० मार्चला हजारो माणसं महाडला चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. त्यांनी डोकी फोडून घेतली. मग सनातन्यांनी त्या तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतलं. आमच्या ओंजळीनं तळं बाटतं आणि शेणमुतानं शुद्ध होतं, हे त्यांचं शास्त्र. आज त्यांचीच पोरं पाण्याच्या काठावर हागून, बाटल्या फोडून सोमवारी ऑफिसला जातात. तळं कुणामुळं बाटलं, ह्याचा निकाल आता शास्त्राला विचारायची गरज नाही.

आणि इथंच मला त्या आदिम मुक्कामातली एक गोष्ट मनापासून पटली. तिकडच्या चांगल्या कॅम्पवाल्यांचा दंडक आहे, की जिथं संडास नाही तिथं पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, सहा ते आठ इंच खड्डा खणायचा, आपलं आपण बुजवायचं. माउंट व्हिटनीसारख्या ठिकाणी तर आपला मैला पिशवीत भरून आपल्याच पाठीवरून खाली आणायचा. नियमच आहे. वकील असो, डॉक्टर असो, आपली घाण आपण वाहायची. वाचलं आणि मी उठून बसलो. आपल्या देशात डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा करावा लागला, आणि तरी माणसं गटारात गुदमरून मरतात. इथला कॅम्पवाला तिकडून तंबू घेतो, बूट घेतो, कंदील घेतो, शब्द घेतो. फक्त ही पिशवी घेत नाही. का घेत नाही? कारण ती पिशवी पाठीवर घेतली त्या दिवशी जात मोडायला सुरुवात होते.

म्हणून आपलं मागणं सरळ ठेवू. उघड्यावर झोपणं हा कुणाचाच गुन्हा नसावा, ना तळ्याकाठी, ना फुटपाथवर, ना पालात. धरणाच्या काठावर पहिला हक्क बुडालेल्यांचा, आणि त्यात सातबारा नसलेल्यांचाही. रानात कुणी तंबू टाकायचा हे तिथल्या ग्रामसभेनं ठरवायचं. आणि जो येईल त्यानं आपली घाण आपल्या पाठीवर परत न्यावी.

एवढं कबूल असेल तर या, शेजारी तंबू टाकू, चुलीवर एकच चहा करू. कबूल नसेल तर तुमचं आदिम तुमच्यापाशी ठेवा. आम्ही त्यातून बाहेर पडायला निघालोय. वाट अडवू नका.

जयभीम.