उद्याच्या शहराचे तळघर

फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचा १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट प्रथम पाहिला, तेव्हा त्यातील गगनचुंबी मनोरे, अधांतरी पूल आणि त्यांच्यामधून जाणारी विमाने पाहून मी थक्क झालो होतो. परवा तो पुन्हा पाहिला आणि नजर खालीच खिळून राहिली. या नगरीचे मालक मनोऱ्यांत राहतात. यंत्रे चालविणारे कामगार जमिनीच्या पोटात. यंत्र मोडते तेव्हा पाणी शिरते तेही कामगारांच्याच वस्तीत, त्यांच्या मुलांच्या पायाशी.

१९८२ च्या ‘ब्लेड रनर’ने २०१९ चे लॉस एंजेलिस कल्पिले. तेथेही उद्योगपती पिरॅमिडसारख्या प्रचंड वास्तूच्या माथ्यावर आणि सामान्य माणूस तळाशी, पावसात भिजत. २०१९ येऊन गेले. चित्रपटातल्या उडत्या मोटारी काही आल्या नाहीत. पण वरचे आणि खालचे ही विभागणी चुकली, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

‘मेट्रोपोलिस’च्या शेवटी मालक आणि कामगार हस्तांदोलन करतात. प्रेक्षक सुखावतो. माझा आक्षेप नेमका येथेच आहे. हात मिळाले, पण नकाशाचे काय? तळातली घरे वर आणण्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

म्हणून उद्याच्या शहराचे चित्र कोणी पुढे ठेवले, तर मी मनोऱ्याची उंची विचारत नाही. तो मनोरा झाडणारा माणूस रात्री कोठे झोपतो आणि पाणी भरले तर त्याची मुले कोठे जातील, एवढेच विचारतो.