जुनी मोटार आणि नवी कांच

जुन्या वस्तूवर प्रेम असणें हा कांहीं दोष नव्हे. आजोबांचें घड्याळ किंवा आजीचें जातें आपण घरांत जपून ठेवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु प्रेमाच्या भरांत वस्तूचें कोणतें अंग जपावें व कोणतें निःशंकपणें बदलावें हा विवेक सुटला, म्हणजे तें प्रेम हट्टाच्या पंक्तीस जाऊन बसतें. हा विचार मनांत येण्यास एक लहानसें निमित्त घडलें. तेंच वाचकांपुढें ठेवितों.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो. त्यानें तेथें १९६६ सालची 'एम्. जी. बी.' नांवाची दोन आसनांची उघडी मोटार विकत घेतली आहे. ही गाडी ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे, आणि तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. रविवारीं उपासना आटोपल्यावर आपल्या शाळकरी मुलीला शेजारीं बसवून भाऊ खेडेगांवच्या रस्त्यांनीं फिरून येतो. गाडीची समोरची कांच मात्र जीर्ण झाली होती. वर्षानुवर्षें उडालेल्या वाळूनें तिच्यावर बारीक खड्डे पडले होते, पाणी पुसणाऱ्या दांड्यांनीं अर्धवर्तुळाकार ओरखडे काढले होते, आणि सायंकाळीं सूर्य समोर आला कीं सारी कांच धुक्यासारखी पांढरी दिसे. भावानें लिहिलें, "दोन कांचा मिळत आहेत. एक त्याच काळांतली, न वापरलेली, कोपऱ्यांत जुन्या कारखान्याची खूण असलेली टफन्ड कांच. दुसरी नव्यानें तयार केलेली लॅमिनेटेड कांच. मन पहिलीकडे ओढ घेतें. दादा, तुमचें मत कळवा."

माझें मत मीं तत्काळ कळविलें : नवी लॅमिनेटेड कांच घ्यावी. या मताचीं कारणें मुलांनाही समजण्याजोगीं आहेत.

टफन्ड कांच करतांना ती ६०० अंशांहून अधिक तापवितात व वाऱ्याच्या झोतानें एकाएकीं निववितात. त्यामुळें तिचा पृष्ठभाग दाबाखालीं राहतो आणि पोटांत ताण सांठतो. अशी कांच साध्या कांचेपेक्षां पुष्कळ अधिक मार सोसते, हें खरें. परंतु तो पृष्ठभाग एका जागीं फुटला, कीं पोटांतला ताण क्षणार्धांत मोकळा होऊन सबंध तावदानाचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे सुरीसारखे धारदार नसतात, हा तिचा गुण. दाराच्या खिडकीला हा गुण पुरेसा आहे. चालकाच्या समोर तो पुरत नाहीं. गाडी भरवेगांत असतां खडा लागला, तर सारें तावदान डोळ्यांपुढें दुधासारखें पांढरें होतें, आणि रस्ता, वळण, समोरून येणारें वाहन, सर्व एकदम नाहींसें होतें. पूर्वीं अशा वेळीं मुठीनें कांचेस भोंक पाडून चालक पुढचें पाहत असत.

लॅमिनेटेड कांच म्हणजे दोन पातळ कांचा व त्यांच्यामध्यें चिकटविलेला पारदर्शक चिवट पडदा. तिला खडा लागला तर त्या जागीं चांदणीसारखी चीर पडते. बाकीची कांच स्वच्छ राहते, आणि तुकडे पडद्याला धरून राहतात. फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस या रसायनज्ञाच्या हातून १९०३ सालीं एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण विखुरला नाहीं, कारण आंतून त्याला पूर्वींच्या द्रवाचा पातळ थर बसला होता, असें सांगतात. १९०९ सालीं त्यानें या कांचेचें पेटंट घेतलें. आरंभींचा सेल्युलॉइडचा पडदा उन्हानें पिवळा पडत असे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनिल ब्युटिरल नांवाचा पदार्थ आला आणि तो दोष दूर झाला. आज मोटारीच्या कांचेंतील हा पडदा साधारणतः ०.७६ मिलिमीटर जाड, म्हणजे पोस्टकार्डांच्या लहानशा चळतीएवढाही नसतो. पण आंत बसलेल्या माणसाचें डोकें आणि रस्ता यांच्यामध्यें तोच उभा असतो.

यावर जुन्या गाड्यांचे भक्त म्हणतील, "गाडीचें अस्सलपण गेलें त्याचें काय?" हा आक्षेप हांसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आसनांचें चामडें, चाकांच्या तारा, घड्याळांच्या तबकड्या यांत त्या काळाची खरी खूण आहे व ती राखलीच पाहिजे. परंतु कांचेची गोष्ट निराळी. १९०९ सालची विद्या १९६६ सालच्या गाडीस परकी कशी म्हणावी? शिवाय कांच पाहण्याकरितां नसून तिच्यांतून पाहण्याकरितां असते. जिच्याकडे लक्षच जात नाहीं तीच उत्तम कांच. आपल्याकडे २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम झाले. त्यांतही मुख्य कटाक्ष सांगाडा, बाह्य शरीर व इंजिन मूळचीं असावींत यावर आहे. नव्या मोटारींस तर आपला कायदा समोर लॅमिनेटेड कांचच मागतो, आणि तिच्यांतून निदान ७० टक्के प्रकाश पार जावा असा दंडक घालतो.

इंग्लंडांत २०१८ पासून चाळीस वर्षांवरील व फारसा फेरफार न झालेल्या मोटारींस वार्षिक तपासणीची सक्ति नाहीं. भावाला यांत सोय वाटली. मला यांत जबाबदारी दिसते. तपासणारा दुसरा कोणी नसला, म्हणजे आपणच आपले परीक्षक होतों. त्या तपासणींतलें माप मात्र कोणीही घरीं वापरावें असें आहे : सुकाणूच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यांत १० मिलिमीटरहून मोठी इजा चालत नाहीं, आणि पुसल्या जाणाऱ्या बाकीच्या भागांत ४० मिलिमीटरहून मोठी चालत नाहीं.

लॅमिनेटेड म्हटलें कीं काम संपलें असेंही नाहीं. याच नांवाच्या छपराच्या गाडीची कांच उघड्या गाडीस बसत नाहीं, म्हणून प्रकार व साल दोन्ही सांगून मागणी करावी. १९४५ ते १९४९ च्या 'एम्. जी. टी. सी.' ची कांच सपाट असल्यामुळें चांगला कांचकाम करणारा ती लॅमिनेटेड तक्त्यांतून कापून देऊं शकतो, एम्. जी. बी. ची कांच वळणदार आहे, ती सांच्यावरच व्हावी लागते. कोपऱ्यांतील खूण वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. युरोपांतील मान्य कांचेवर वर्तुळांत 'ई' हें अक्षर व देशाचा क्रमांक असतो. अमेरिकेंत समोरच्या कांचेवर 'ए. एस. १' असें लिहितात. मग कांच गाडींत असते तशी तिरपी धरून तिच्यांतून विटांची भिंत पाहावी व डोकें हळूहळू हालवावें. विटांच्या रांगा पाण्यांतल्यासारख्या डुलूं लागल्या, तर ती कांच बसविण्यापूर्वींच परत करावी. शेवटीं चौकट वाकलेली नाहीं ना तें पाहून रबर नवें घालावें. जुन्या, कडक झालेल्या रबरांत ही कांच बळजबरीनें दाबली, तर कडेला टवका उडतो आणि पुढें त्याचीच चीर होते. कांचेवर पैसे खर्चून रबरावर वांचविणारा मनुष्य दोन्ही गमावतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं बहुतेकांस अशी मोटार लाभेल असें नाहीं. पण ज्याच्या शेजारीं दुसरें कोणी विश्वासानें बसलें आहे, त्याला आपल्या आवडीचा हिशेब एकट्यापुरता करतां येत नाहीं, ही गोष्ट सायकल चालविणाऱ्यासही लागू आहे. पालकांस तर ती सांगावयास नकोच.

भावानें माझें ऐकलें. जुन्या खुणेची कांचही त्याच्यानें सोडवली नाहीं. ती विकत घेऊन त्यानें आपल्या अभ्यासिकेंत भिंतीशीं टेकून ठेविली आहे, व तेथें ती शोभतेही. त्याच्या पत्राखालीं पुतणीनें दोन ओळी लिहिल्या आहेत : "काका, आतां सूर्य समोर आला तरी बाबा डोळे बारीक करीत नाहींत. आणि मलाही पुढचें सगळें दिसतें."