हळदीचे यीस्ट कोणाच्या मालकीचे?

नरसी नामदेवच्या शिवारात हळद आठ-नऊ महिने जमिनीत वाढते. मग काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश. आणि शेवटी हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात व्यापारी बोलेल तो भाव. हळदीला पिवळेपणा आणि औषधबाजारात किंमत देणारे कर्क्युमिन हे द्रव्य, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये परकी जनुके बसवून त्याच्याकडून करवून घेणे प्रयोगशाळेत साधले आहे. उद्या ते कारखान्याच्या टाकीत परवडू लागले, तर या कुटुंबांचे काय?

यीस्टला विरोध हे याचे उत्तर नव्हे. कर्करोगावरील व्हिनब्लास्टिनच्या एका ग्रॅमसाठी सदाफुलीची सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. त्याचे दोन घटक यीस्टकडून बनवून घेऊन ते जोडण्यात 2022 साली संशोधकांना यश आले. रुग्णाला औषध अखंड मिळण्याची ही वाट आहे. ती अडवणे समाजवाद्यांचे काम नव्हे.

खरा प्रश्न मालकीचा आहे. जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकेने 1995 साली दिलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, कारण डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने हे ज्ञान जुनेच असल्याचे सिद्ध केले. त्या विजयावर विसंबणे आता भाबडेपणाचे ठरेल. यीस्टचा नवा वाण हे जुने ज्ञान नव्हे. भारतीय पेटंट कायदाही 2002 च्या दुरुस्तीनुसार वनस्पतीवर पेटंट नाकारतो. माणसाने घडवलेल्या सूक्ष्मजीवासाठी मात्र दार उघडे ठेवतो. म्हणजे हळद सर्वांची आणि तिची जनुके वाहणारे यीस्ट एका कंपनीचे! शिवाय कंपनीला हळकुंडही न्यावे लागत नाही. जनुकांचा संगणकावरील आराखडा पुरतो. अशा वापराच्या मोबदल्यासाठी 2025 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय काली निधीतील वर्गणी ऐच्छिक आहे. मक्तेदार भांडवल आपखुशीने नफा वाटील, ही अपेक्षा कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. जनुकांचे मूळ जाहीर करणे आणि विक्रीतील वाटा उत्पादकांना देणे सक्तीचे करावे. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सार्वजनिक मालकीचेच राहावे; आरंभ वसमतच्या हरिद्रा संशोधन केंद्रापासून व्हावा. परवाना देताना औषधाची कमाल किंमत बांधून द्यावी.

हळद पिकवणारा आणि औषध विकत घेणारा यांना परस्परांविरुद्ध उभे करण्यात ज्यांचा लाभ आहे, त्यांच्याशी हा लढा आहे. टाक्या उभ्या राहण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी तो मोंढ्यात न्यावा.