मडगार्डला करवत लावण्यापूर्वी

नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांतून लहान ट्रॅक्टरांचा वापर आता सर्रास झालेला आहे. ही यंत्रे जवळून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. कित्येकांच्या मागील चाकांवरील मडगार्डे मूळच्या आकाराची राहिलेली नसतात. जेथे मडगार्ड अगर त्याची कड प्लॅस्टिकची असते, तेथे तर घरच्या घरी, मिळेल त्या हत्याराने ती कापून टाकलेली असते. यासंबंधी आपण विस्तार-कार्यकर्ते बहुधा "कापू नका" एवढेच सांगून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा उपदेश अपुरा आहे. ज्याची अडचण खरी असते तो शेतकरी असे सांगणे ऐकून घेतो आणि घरी जाऊन कापतोच. मग ते काम वाईट रीतीने होते.

अडचण कोणती, ते आधी पाहिले पाहिजे. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असताना पाऊस लागला, की केवड्याच्या भीतीने फवारणी थांबवून ठेवता येत नाही. वाफसा येण्याची वाट पाहावी हे शास्त्र खरे, परंतु बुरशी वाफशाची वाट पाहत नाही. अशा वेळी काळ्या जमिनीतून ट्रॅक्टर फिरू लागला, म्हणजे चिखलाचा गारा टायर व मडगार्ड यांच्या मध्ये ठासून बसतो, चाक घासू लागते आणि शेवटी प्लॅस्टिकची कड तडकते. तेथे थोडी जागा करून घेणे गैर म्हणता येणार नाही. मात्र नांगरणी, कोळपणी किंवा रोटाव्हेटर यांच्या वेळी चिखल मडगार्डात अडकत असेल, तर दोष मडगार्डाचा नव्हे. जमीन अद्याप वाफशावर आलेली नाही आणि आपण चाकाखाली ती दाबून घट्ट करीत आहोत, एवढाच त्याचा अर्थ. अशा शेतकऱ्याने करवत ठेवून द्यावी व चार दिवस थांबावे.

दुसरे कारण मोठ्या टायरांचे. हौसेने अगर पकड वाढावी म्हणून मूळच्याहून मोठे टायर बसविले जातात आणि ते घासतात म्हणून मडगार्ड कापले जाते. हे मला मान्य नाही. चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरात पुढच्या व मागच्या टायरांच्या आकारांचे प्रमाण जुळविलेले असते. केवळ मागचे बदलल्यास पुढच्या आसाच्या दात्यांवर अकारण ताण येतो. शिवाय यंत्राची उंची वाढून ते उलटण्याचा धोकाही वाढतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत चाकांमधील अंतर कमीजास्त करण्याची सोय असते. घासणे थांबविण्यास कधी कधी तेवढेही पुरते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे, हेही अशा हौशी मालकांना सांगावे.

मडगार्ड चिखल अडविते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु लहान ट्रॅक्टरावर चालकाची मांडी आणि फिरत्या टायरच्या उंच पट्ट्या यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा असतो. धोतराचा सोगा किंवा उपरण्याचे टोक तेथे गेले, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून आतल्या, चालकाकडील उभ्या भागाला मुळीच हात लावू नये; बाहेरची कड तेवढी कापावी. परदेशांत शेतीसाठी एटीव्ही नावाची उघडी चारचाकी वाहने वापरतात. त्यांच्यावरही मोठे टायर बसविण्यासाठी प्लॅस्टिकची मडगार्डे कापण्याची खोड आहेच. तेथे पायाजवळचा भाग कापला गेला, की पाय घसरून मागच्या चाकाखाली जाण्यास वाट मिळते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून नव्या एटीव्हीला उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी चौकट सक्तीची झाली आहे.

आता कापण्याची रीत. प्रथम खालून हात फिरवून दिव्यांच्या तारा कोठून गेल्या आहेत ते पाहावे. टायरवर नेहमीचा भार असताना नेमके कोठे घासते तेथे खूण करावी व रेषेवर चिकटपट्टी लावावी. ग्राइंडर वापरू नये. त्याच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळते व कड ओबडधोबड होते. बारीक दातांचे हॅकसॉ पाते घेऊन सावकाश कापावे. एका वेळी एक सेंटिमीटरहून अधिक काढू नये, कारण कापलेले परत जोडता येत नाही आणि पुष्कळशी मडगार्डे ज्या जातीच्या प्लॅस्टिकची असतात त्यावर साधा डिंक धरतही नाही. जेथे आतला कोपरा येणार असेल तेथे आधी ड्रिलने गोल भोक पाडावे आणि त्या भोकापर्यंत कापत यावे. टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो, गोल कोपऱ्यातून सहसा होत नाही. जुनी चीर असेल तर तिच्या टोकाशीही असेच लहान भोक पाडावे. शेवटी कानस व काचकागद यांनी कड गुळगुळीत करावी. थंडीच्या पहाटे प्लॅस्टिक ठिसूळ असते. हे काम दुपारी करणे बरे. तुकडे जाळू नयेत. कापलेल्या मडगार्डावर कोणास बसवू नये. खरे तर न कापलेल्यावरही बसवू नये, पण ते ऐकतो कोण!

कडेबाबत मी एवढी मोकळीक दिली, ती पीटीओ शाफ्टवरील प्लॅस्टिकच्या आवरणास लागू नाही. ब्लोअर जोडताना अडचण होते म्हणून हे आवरण कापलेले किंवा काढून फेकलेले सर्रास आढळते. शाफ्ट मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. सात सेंटिमीटर व्यासाच्या शाफ्टचा घेर सुमारे २२ सेंटिमीटर धरला, तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. नऊवारी लुगडे पुरते ओढले जाण्यास पाच सेकंदही लागणार नाहीत, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर बंद करण्यास कोणी धावून पोहोचत नाही. आवरण फुटले असल्यास नवे बसवून मगच ब्लोअर जोडावा.