गिटारलाही बैठक द्या

शब्द नाहीत, मग ऐकायचं काय? गिटारच्या अल्बमबद्दलचा हा प्रश्न १९६७ सालीच निकालात निघायला हवा होता. त्या वर्षी एचएमव्हीनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम काढला. त्यामागे निर्माते म्हणून होते मराठी भावगीतांचे गायक ग. ना. जोशी. त्यात ब्रिजभूषण काब्रा गिटार मांडीवर आडवी घेत, तारांवरून पोलादी दांडी सरकवत आणि गळ्यातून यावी तशी मींड निघे. सोबत संतूर, बासरी आणि माणिकराव पोपटकरांचा तबला.

पुढे रॉक-जॅझ गाजवलेला गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन तबलावादक झाकिर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ या बँडमध्ये रमला.

आज कोल्हापूरजवळच्या कळंब्यापासून शहरापर्यंत पोरं गिटार शिकतात, पण ऐकवायची कुठं? गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या या कोल्हापुरात देवल क्लबसारख्या संगीत संस्थांनी वर्षातली एक संध्याकाळ निव्वळ गिटारला द्यावी, रॉकच्या पेडलसकट.