साडेसातीच्या नावाखाली

नैराश्य हे शहरी लोकांचे खूळ आहे, असे स्वतःला जाणते म्हणवणाऱ्या एका गृहस्थांचे ठाम मत आहे. माणूस खचला की साडेसाती लागली समजावे, शनिशिंगणापूरला जाऊन शिळेला तेल वाहावे आणि मन घट्ट करावे. जो डॉक्टरची पायरी चढला, त्याने घराण्याला बट्टा लावला. झाला युक्तिवाद!

आधी साडेसातीचेच गणित पाहू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. शनी बारा राशी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत फिरतो. एका राशीत अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून साडेसाती. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना ती चालूच असते. मार्च 2025मध्ये शनी मीनेत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष. चार राशींमागे एक! मग खचलेल्या माणसाच्या पत्रिकेत ती सापडायला कितीसा वेळ लागतो? नसली तर शनीचीच अडीचकी, तीही नसली तर कुठल्यातरी ग्रहाची महादशा. जे कधी चुकूच शकत नाही, त्याला निदान म्हणत नाहीत. शिवाय नैराश्याचा आजार पुष्कळदा काही महिन्यांनी आपसूक ओसरतो आणि पुन्हा उलटतो. ओसरला की श्रेय तेलाला, उलटला की दोष राशीला. खरा घात होतो तो मुदतीत. वैद्यक म्हणते, उदासी, कशातच रस नसणे, पहाटेच उडणारी झोप, मंदावलेली भूक, जड झालेले अंग, 'मी कुचकामी' हा ध्यास, यातले बरेचसे दोन आठवडे रोज टिकले तर डॉक्टरला दाखवा. हे गृहस्थ म्हणतात, साडेसात वर्षे सोसा. एखाद्या घरातल्या माणसाच्या जिवाशी चाललेला हा खेळ मला बघवत नाही.

शहरी खूळ? अवकाळीने कांदा झोडपला, सोसायटीचे कर्ज थकले, की शनिशिंगणापूरच्याच नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याचीही झोप उडते. आणि मन घट्ट करायचे बळच या आजारात जाते.

उपचार घेतले तर श्रद्धेला धक्का लागेल, हा सूर जुना आहे. स्त्रियांनी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर पाऊल ठेवले तर शनीचा कोप होईल, असेही बजावले जाई. 2016च्या गुढीपाडव्याला चौथरा त्यांना खुला झाला. गाव जागच्या जागी आहे. त्याआधी 2011मध्ये बँक आली, 2015मध्ये पोलीस ठाणे. शनीच्या भरवशावर घरांना दारे न लावणाऱ्या गावाने दोन्ही स्वीकारली आणि शनीची भक्तीही राखली. मग मानसोपचारानेच ती कशी बाटते?

माझे म्हणणे एवढेच की तेल वाहायचे त्याने वाहावे, पण शनिवारची वाट न पाहता डॉक्टरला दाखवावेही. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक 2022पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा 2017च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या मध्येच सोडू नयेत. आणि घरातले कोणी 'मी नसलेलाच बरा' असे म्हणू लागले, तर जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाला, तर क्षणभरही एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.