काळी स्क्रीन म्हणजे गुन्हा नव्हे

विद्यार्थ्याचा लॅपटॉप उचलून नेणं ही शिक्षाच आहे. आरोपपत्र नाही, खटला नाही, पण शिक्षा सुरू. प्रोजेक्ट त्यात, नोट्स त्यात, नोकरीचे अर्ज त्यात, मित्रांशी बोललेलं सगळं त्यात. वही नेली तर दुसरी घेता येते. बापानं हप्त्यावर घेऊन दिलेला लॅपटॉप दुसरा कुठून आणायचा?

हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. २००९ साली अमेरिकेत बॉस्टन कॉलेजमध्ये काय झालं बघा. कॉम्प्युटर सायन्सच्या एका विद्यार्थ्यावर संशय होता की रूममेट समलिंगी असल्याची ईमेल त्यानं कॉलेजभर पाठवली. ३० मार्चला पोलीस वॉरंट घेऊन खोलीत आले. कॉम्प्युटर, फोन, आयपॉड, कॅमेरा सगळं नेलं. उबुंटूची सीडीसुद्धा सोडली नाही!

आणि वॉरंटच्या अर्जात संशयाचं कारण काय? तर हा मुलगा दोन ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, त्यातल्या एकीत काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात कमांड देतो. म्हणजे लिनक्स! जी गोष्ट इंजिनिअरिंगची पोरं लॅबमध्ये रोज करतात, ती पोलिसांना गुन्हेगारी वाटली. आपल्याला जे कळत नाही ते संशयास्पद, हाच त्यांचा न्याय.

खालच्या कोर्टानं वॉरंट रद्द करायला नकार दिला. शेवटी २१ मे रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मार्गो बॉट्सफर्ड यांनी सांगितलं की झडतीला पुरेसं कारणच नव्हतं, सामान परत करा. तशी ईमेल कुणी पाठवली असेल तर ते हलकट काम आहे, पण प्रत्येक हलकटपणा हा कॉम्प्युटर गुन्हा होत नाही. न्याय मिळाला खरा, पण ५२ दिवसांनी. तोवर सेमिस्टर सरत आलं होतं. ते कोण परत देणार?

आता आपल्याकडचं. पोलिसांना तपासासाठी जप्तीचा अधिकार आहे, तो कुणी नाकारत नाही. प्रश्न आहे मर्यादेचा. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात सांगितलंय की फोन-कॉम्प्युटरमधली माहिती तपासायची तर साधारणपणे कोर्टाचं वॉरंट लागतं. तातडी असेल आणि वॉरंट नसेल, तर कारण लेखी नोंदवावं लागतं. हे न्यायालय आपल्या बेळगावला, खानापूरला, निपाणीला लागू आहे. परकं नाही.

जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांना बंधनकारक आहे. कलम १०३ प्रमाणे झडतीवेळी घरच्या माणसाला हजर राहता येतं आणि जप्त वस्तूंच्या, साक्षीदारांनी सही केलेल्या यादीची प्रत त्याला द्यावीच लागते. सामान परत हवं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. ही कुणाची मेहरबानी नाही, कायदा आहे.

काही जण म्हणतील, "काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला?" अरे, मग तुमचा फोन अनलॉक करून चौकातल्या माणसाच्या हातात द्या की! गुन्हा केला नाही म्हणून खाजगीपण सोडायचं नसतं. आणि पुरावाच हवा असेल तर हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढता येते, तिची हॅश व्हॅल्यू नोंदवता येते. मग पोराचं यंत्र महिनोन् महिने ठाण्याच्या कपाटात धूळ खात कशाला ठेवायचं?

म्हणून मित्रांनो, अंगावर जाऊ नका, शिव्या देऊ नका, अडवू नका. पण कागद मागा. महजर कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर समजेल अशा भाषेत वाचून दाखवा म्हणा, मगच सही करा. मॉडेल, सिरियल नंबर यादीत आलाय का बघा. वकिलाला फोन लावा. आणि अभ्यासाची एक प्रत कायम दुसरीकडं ठेवा.

दबकून गप्प बसलो तर उद्या प्रत्येक काळी स्क्रीन संशयित ठरेल.